फॉर्मॅट मारण्याआधी: तुमचं विंडोज दुसऱ्या कंप्युटरवर जाऊ शकतं का?

नवं मशीन आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जुन्यावरचं विंडोज यावर टाकता येईल ना? पैसे मोजून घेतलंय ते." कंप्युटर बसवून देण्याचं आणि जुने पुन्हा चालते करण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. या प्रश्नाला मी लगेच हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. आधी जुनं मशीन चालू करून दाखवा, एवढंच सांगते.

नुसतं टाकायचं म्हटलं तर विंडोज कुठेही टाकता येतं. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलेशनची फाइल फुकट उतरवता येते, आठ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो, आणि की (विकत घेतल्यावर मिळणारा पंचवीस अक्षरी कोड) विचारली तर "माझ्याकडे की नाही" यावर क्लिक करून पुढे जाता येतं. सिस्टम चालूही होते. मग काही वेळाने स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" अशी फिकट अक्षरं उमटतात, वॉलपेपर आणि रंग बदलायच्या सेटिंग्जना कुलूप लागतं, आणि तेव्हा कळतं की सॉफ्टवेअर मिळणं आणि ते वापरायचा हक्क मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे तुम्ही हक्काचे मोजले होते. तो हक्क कशाशी बांधलेला आहे, एवढंच शोधायचं असतं: त्या मशीनशी, ते विकत घेणाऱ्याशी, की एखाद्या संस्थेशी?

जुनं मशीन चालू असताना हे पाच मिनिटांत कळतं. एकदा फॉर्मॅट मारला की त्याच माहितीसाठी जुने ईमेल, बिलं आणि खोके धुंडाळत बसावं लागतं. म्हणून पुढचं सगळं फॉर्मॅटच्या आधी करायचं आहे.

जुन्या मशीनलाच विचारा

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात इंग्रजी एस, एल, एम, जी, आर ही पाच अक्षरं सलग टाइप करा, एक जागा सोडा, मग तिरकी रेघ (स्लॅश) आणि तिला चिकटून डी, एल, आय. एंटर दाबा. दोन-चार सेकंद काहीच होत नाही, तेव्हा घाई करून पुन्हा एंटर दाबू नका. मग एक साधी, जुन्या वळणाची खिडकी येते. तिच्यात चार-पाच ओळी असतात: नाव, वर्णन, कीची शेवटची पाच अक्षरं, लायसन्सची स्थिती. या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नंतर काहीही अडलं तरी हा फोटो कामाला येतो.

आपल्याला हवी असलेली ओळ दुसरी, म्हणजे वर्णनाची. तिच्या शेवटी "चॅनल" हा शब्द असतो आणि त्याच्या आधी कुठला चॅनल, म्हणजे लायसन्स कुठल्या वाटेने विकलं गेलं, ते लिहिलेलं असतं. "ओईएम" (मशीन बनवणारी कंपनी) या अक्षरांनी सुरू होणारं काही असेल, म्हणजे ओईएम_डीएम, ओईएम_एसएलपी किंवा ओईएम_सीओए, तर लायसन्स मशीनबरोबर आलेलं आहे आणि मशीनबरोबरच राहणार. "व्हॉल्यूम" असेल तर ते एखाद्या कंपनीचं किंवा संस्थेचं आहे. "रिटेल" असेल तर ते सुटं विकत घेतलेलं असण्याची शक्यता आहे.

शक्यता म्हणते, कारण इथेच पुष्कळ जण फसतात. विंडोज १० आलं २९ जुलै २०१५ ला, आणि त्यानंतर वर्षभर विंडोज ७ आणि ८.१ वाल्यांना ते फुकट मिळालं. अशा अपग्रेड झालेल्या मशीनला स्वतःची वेगळी की मिळत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या हार्डवेअरची नोंद होते आणि मशीनमध्ये सगळ्यांना सारखीच असलेली एक सर्वसाधारण की बसते. ही की रिटेल चॅनलची असल्यामुळे वर्णनात "रिटेल" दिसतं, मग मुळात तुमचं विंडोज ७ लॅपटॉपबरोबर आलेलं ओईएम असलं तरी. लोक "रिटेल" वाचून खूश होतात, जुनं मशीन पुसून टाकतात, आणि नव्यावर काहीच चालत नाही.

ओळखायचं कसं? कीच्या शेवटच्या पाच अक्षरांवरून. विंडोज १० किंवा ११ प्रोमध्ये ती "३व्ही६६टी" असतील, किंवा होममध्ये "८एचव्हीएक्स७" असतील, तर ती सर्वसाधारण की आहे. अख्ख्या जगात तीच. ती पाहिल्यावर "रिटेल" या शब्दावर विसंबायचं नाही; त्या मशीनवर मुळात काय होतं ते शोधायचं. खाली स्टिकर होतं का? विंडोज वेगळं विकत घेतलं होतं का, त्याचं बिल किंवा ईमेल आहे का? मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन स्टोअरमधून घेतलं असेल तर त्या अकाउंटच्या ऑर्डरच्या यादीत ते दिसतं. मूळ लायसन्स जसं होतं, अपग्रेडनंतरचं तसंच राहतं. मशीनला बांधलेलं अपग्रेडमुळे मोकळं होत नाही.

मशीनला बांधलेलं लायसन्स

दुकानातून तयार घेतलेल्या बहुतेक लॅपटॉप आणि डेस्कटॉपवर विंडोज असतं ते ओईएम. कंपनीला ते स्वस्त पडतं, आणि त्याची अटच अशी की ज्या मशीनवर ते पहिल्यांदा बसलं त्याच मशीनवर ते जगणार आणि त्याच्याबरोबरच संपणार. लॅपटॉप पूर्ण बंद पडला तरी त्याचं विंडोज उचलून दुसऱ्यावर नेता येत नाही. ज्याचं मशीन नुकतंच गेलंय त्याला हे सांगणं मला जिवावर येतं. पण खरं ते आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर माणूस नव्या मशीनच्या खर्चात विंडोज धरतच नाही.

त्याच मशीनवर मात्र कितीही वेळा नव्याने टाका, मोजदाद नाही. २०१२ साली विंडोज ८ आलं तेव्हापासून प्रत्येक मशीनची वेगळी की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. इन्स्टॉलर ती स्वतःच वाचतो, म्हणून की विचारलीही जात नाही. हार्डडिस्क काढून एसएसडी लावली, रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड बदललं, तरी लायसन्सला धक्का लागत नाही. प्रश्न येतो मदरबोर्डचा. बिघाड झाला म्हणून बोर्ड बदलला तर लायसन्स टिकतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने बदलला तर ते बहुधा नव्या बोर्डवर कीही लिहून देतात, आणि दिली का हे मशीन ताब्यात घेतानाच विचारून घ्यावं. जास्त ताकदीचा प्रोसेसर हवा म्हणून तुम्ही स्वतः बोर्ड बदललात तर मायक्रोसॉफ्टच्या लेखी तो नवा कंप्युटर झाला.

विंडोज ७ आणि त्याआधीच्या मशीनवर की स्टिकरवर छापलेली असायची. लॅपटॉपच्या पोटाला किंवा डेस्कटॉपच्या बाजूला चिकटवलेला तो चौकोन वर्षानुवर्षं घासून जवळजवळ कोरा झालेला असतो. तो वाचायची एक रीत सांगते. टॉर्च समोरून न धरता अगदी बाजूने, पृष्ठभागाला लागून धरा, म्हणजे दबलेल्या अक्षरांची सावली पडते. मोबाइलवर फोटो काढून त्याचा कॉन्ट्रास्ट वाढवा. आणि हे लक्षात ठेवा: विंडोजच्या पंचवीस अक्षरी कीमध्ये काही अक्षरं कधीच नसतात. ए, ई, आय, ओ, यू हे स्वर नाहीत, एल, एस, झेड नाहीत, आणि आकड्यांत ०, १ आणि ५ नाहीत. तेव्हा गोल दिसणारं पुसट अक्षर ओ किंवा शून्य नसतं. क्यू, डी किंवा जी असण्याचा संभव धरा. पाचासारखं दिसलं तर ते सहा असेल. बी आणि आठ मात्र दोन्ही असतात, तिथे दोन्ही लावून पाहण्यावाचून इलाज नाही.

पण एवढी मेहनत घेण्याआधी थांबा. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ आणि ८ च्या कीवर विंडोज १० किंवा ११ नव्याने ॲक्टिव्हेट करण्याची वाट बंद केली. त्याआधी अपग्रेड होऊन ज्यांच्या मशीनची नोंद सर्व्हरवर झाली आहे त्यांचं चालू राहतं. आज स्टिकर वाचून ती की विंडोज ११ ला देण्यात अर्थ नाही. स्टिकरचा उपयोग आता एवढाच की मूळ लायसन्स ओईएम होतं हे त्यावरून कळतं.

विकत घेणाऱ्याचं लायसन्स

खोक्यात किंवा ऑनलाइन, मशीनपासून वेगळं घेतलेलं विंडोज म्हणजे रिटेल. महाग पडतं, पण ते तुमचं. एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर टाकता येतं, पुढे तिसऱ्यावरही. अट एकच आणि ती साधी आहे: एका वेळी एकच मशीन. जुन्यावर चालू ठेवून नव्यावरही टाकलं तर ती एका लायसन्सची दोन मशीनं झाली, मग घर एकच असो आणि वापरणारा माणूस एकच असो. व्हर्च्युअल मशीनही याच हिशेबात धरतात. कंप्युटरवर विंडोज आहेच, त्याच्या पोटात सरावासाठी आणखी एक व्हर्च्युअल विंडोज उघडलं, तर त्याला वेगळं लायसन्स लागतं. विद्यार्थ्यांना हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

न्यायचं कसं ते आता. पंचवीस अक्षरी की हातात आहे याची आधी खात्री करा. वरच्या खिडकीत फक्त शेवटची पाच दिसतात, पण तुमच्याकडची की तीच आहे का हे जुळवून पाहायला ती पाच पुरतात. मग जुन्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. तीच पाच अक्षरं, म्हणजे एसएलएमजीआर, एक जागा, स्लॅश, आणि यू, पी, के. की काढल्याचा निरोप येतो. त्यानंतर तसंच स्लॅश आणि सी, पी, के, वाय दिलं की रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) उरलेली की पुसली जाते.

या कमांडने काय होतं आणि काय होत नाही हे नीट समजून घ्या. की फक्त त्या मशीनमधून निघते. मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला "मी इथून उठले" असं काही कळवलं जात नाही. विंडोजमध्ये तशी सोयच नाही. म्हणून नव्या मशीनवर तीच की टाकल्यावर कधी कधी सर्व्हर अडवतो. स्क्रीनवर ०एक्ससी००४सी००८ असा कोड येतो. त्याचा अर्थ ही की दुसऱ्या मशीनवर वापरात असल्याचं किंवा ठरल्यापेक्षा जास्त मशीनवर वापरल्याचं सर्व्हरला वाटतंय. घाबरू नका, की बाद झाली असं समजून नवी घ्यायला धावू नका. मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टशी बोलायचं. तिथला प्रश्न एकच असतो: ही की सध्या किती मशीनवर आहे? जुन्यावरून खरोखरच काढलेली असेल तर उत्तर "एक" हे खरं असतं. जुनं तसंच चालू ठेवून हे उत्तर देऊ नका.

ज्यांचं रिटेल विंडोज डिजिटल आहे, म्हणजे स्टोअरमधून घेतलं आणि की कधी दिसलीच नाही, त्यांनी जुन्या मशीनवर सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन या पानावर जावं. "डिजिटल लायसन्सने ॲक्टिव्हेटेड, मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं" अशी ओळ तिथे असायला हवी. "अकाउंटला जोडलेलं" हे शब्द नसतील तर आत्ताच त्या अकाउंटने साइन इन करून जोडा. ही सोय २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून आहे. नव्या मशीनवर तीच आवृत्ती टाका, त्याच अकाउंटने साइन इन करा, ॲक्टिव्हेशनच्या पानावर "ट्रबलशूट" दाबा आणि "या डिव्हाइसचं हार्डवेअर मी नुकतंच बदललं आहे" हा पर्याय निवडा. अकाउंटवरच्या मशीनची यादी येते, तिच्यातून जुनं निवडायचं. म्हणून मशीनला आधीच ओळखू येईल असं नाव देऊन ठेवा. "डेस्कटॉप" आणि पुढे सात अगम्य अक्षरं अशी चार नावं समोर आली की त्यातलं आपलं कुठलं हे मालकालाही सांगता येत नाही. मदरबोर्ड बदलल्यावर त्याच मशीनसाठीही हीच वाट आहे. मात्र असं पुन्हा ॲक्टिव्हेट करण्यावर मर्यादा आहे, तेव्हा हौसेखातर विंडोज इकडून तिकडे फिरवत राहू नका.

संस्थेचं लायसन्स, आणि स्वस्तातल्या की

खिडकीत "व्हॉल्यूम_एमएके" किंवा "व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट" दिसलं आणि मशीन तुमचं स्वतःचं असेल, तर काहीतरी चुकलेलं आहे. पहिल्या प्रकारात संस्थेला ठरावीक संख्येची ॲक्टिव्हेशन मिळतात आणि प्रत्येक वेळी त्यातलं एक खर्ची पडतं; मशीन फॉर्मॅट मारलं म्हणून ते परत जमा होत नाही. दुसऱ्या प्रकारात मशीन संस्थेच्या नेटवर्कवरच्या सर्व्हरकडून ॲक्टिव्हेट होतं आणि ते १८० दिवस टिकतं. मशीन नेटवर्कवर असलं तर मुदत आपोआप वाढत राहते, बाहेर गेलं की सहा महिन्यांत संपते. ऑफिसने निकालात काढलेला लॅपटॉप घेतलात आणि काही महिन्यांनी अचानक ॲक्टिव्हेशन गेलं, तर बहुधा कारण हेच असतं. अशा लॅपटॉपला स्वतःचं ओईएम लायसन्सही असतंच बऱ्याचदा, बोर्डवर लिहिलेलं. त्याच आवृत्तीचं साधं विंडोज स्वच्छ टाकलं की ते आपलं आपण जागं होतं. तेव्हा जुना लॅपटॉप घेतल्यावर नवं लायसन्स विकत घेण्याआधी हे एकदा करून पाहाच.

ऑनलाइन बाजारात मूळ किमतीच्या पासंगालाही न पुरणाऱ्या किमतीत ज्या की मिळतात, त्यांतल्या पुष्कळशा कुठल्यातरी संस्थेच्या एमएके की असतात. एकच की अनेकांना विकलेली असते. घेतल्या दिवशी चालते, तुमचं काम झालं असं वाटतं. मग कधीतरी मोजणी संपते किंवा संस्था ती की रद्द करून घेते. युरोपात वापरलेली लायसन्स विकण्याला मान्यता आहे. युरोपीय न्यायालयाने ३ जुलै २०१२ ला यूजसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल या खटल्यात तसा निर्णय दिला. पण त्याच निर्णयात असंही म्हटलं आहे की विकणाऱ्याने स्वतःची प्रत वापरणं बंद केलं पाहिजे, आणि अनेकांसाठी घेतलेलं एक लायसन्स तोडून त्याचे तुकडे विकता येत नाहीत. स्वस्त की विकणारे पहिली अर्धी गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगतात.

क्रॅकबद्दल, म्हणजे लायसन्सशिवाय ॲक्टिव्हेट करण्याच्या चोरवाटेबद्दल, थोडक्यात: ॲक्टिव्हेटर म्हणून जे प्रोग्राम फिरतात ते चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करा असं सांगतात, आणि ॲडमिनिस्ट्रेटरचे सगळे अधिकार मागतात. ज्या मशीनवर तुमची बँक, तुमचे फोटो आणि तुमच्या ओळखीची कागदपत्रं आहेत, त्याच्या किल्ल्या अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका. पैसे नसतील तर ॲक्टिव्हेट न केलेलं विंडोज काही दिवस वापरून पैसे जमवा, नाहीतर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टम टाका. त्याचं पुढे सांगते.

छोट्या ऑफिससाठी एक गोष्ट. एक मशीन नीट लावून त्याची इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) बाकीच्या दहा मशीनवर उतरवायची पद्धत सर्रास आहे. सगळी मशीनं ओईएम विंडोजची असतील तर ओईएम लायसन्समध्ये हा हक्क नसतो. तो व्हॉल्यूम लायसन्सबरोबर येतो. आणि व्हॉल्यूमचं विंडोज हे अपग्रेड असतं, म्हणजे मशीनवर मुळात एक अस्सल लायसन्स असायला हवं. कोऱ्या असेंबल केलेल्या मशीनवर नुसतं व्हॉल्यूम टाकून हिशेब पुरा होत नाही.

होम की प्रो

लायसन्स आवृत्तीलाही बांधलेलं असतं. होमची की प्रोला चालत नाही, प्रोची होमला चालत नाही. यातला त्रास एका ठरावीक प्रसंगी होतो: लॅपटॉप होमसह आला, नंतर पैसे भरून प्रो केला, आणि आता नव्याने टाकायचंय. इन्स्टॉलर बोर्डवरची होमची की वाचतो आणि काही न विचारता होम टाकतो. प्रोचे पैसे बुडाले असं वाटून लोक हबकतात. बुडालेले नसतात, त्या मशीनची प्रोची नोंद सर्व्हरवर आहे. सोपा उपाय असा: होम टाकून झाल्यावर इंटरनेट काही वेळ बंद करा, ॲक्टिव्हेशनच्या पानावर "की बदला" निवडून प्रोची ती सर्वसाधारण, "३व्ही६६टी" ने संपणारी की द्या. मायक्रोसॉफ्टने ती आवृत्ती बदलण्यासाठीच दिलेली आहे. मशीन प्रो झालं की इंटरनेट लावा, सर्व्हर जुनी नोंद ओळखतो. मुळात प्रो कधी घेतलंच नसेल तर या कीने ॲक्टिव्हेशन मिळत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

ज्या मशीनची कुठलीच नोंद सर्व्हरवर नाही आणि बोर्डवर कीही नाही, तिथे ०एक्ससी००४एफ२१३ हा कोड येतो. मदरबोर्ड बदलल्यानंतर तो हमखास दिसतो. त्यावर वर सांगितलेली ट्रबलशूटची वाट आधी चालून पाहा.

बाकीची सॉफ्टवेअरं: इथे खरं नुकसान होतं

माझ्या अनुभवात विंडोजपेक्षा जास्त पैसे जातात ते त्यावरच्या सॉफ्टवेअरमुळे. कारण त्यांच्यातल्या अनेकांना फॉर्मॅटच्या आधी "मी इथून निघतोय" असं सांगावं लागतं. जुनं मशीन पुसलं गेलं की सांगणार कुठून? हिशेबाच्या पॅकेजमध्ये "सरेंडर", डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये "डिॲक्टिव्हेट" किंवा "साइन आउट", इंजिनिअरिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये "लायसन्स ट्रान्सफर" किंवा "रिटर्न" असा पर्याय असतो. नाव वेगळं, काम तेच. स्टार्ट मेनू उघडून एकेक प्रोग्राम वाचत जा, आणि ज्याच्यासाठी कधीही पैसे भरले आहेत त्याचा हेल्प किंवा अकाउंटचा मेनू उघडून हा पर्याय शोधा. यूएसबीचं डोंगल (किल्लीसारखं लावायचं छोटं उपकरण) लागणारं सॉफ्टवेअर असेल तर काळजी नाही, हक्क त्या डोंगलमध्येच आहे. फक्त ते जपून ठेवा.

अडोबीच्या क्रिएटिव्ह क्लाउडचं एकट्याने वापरायचं सबस्क्रिप्शन दोन मशीनवर ॲक्टिव्ह ठेवता येतं, एका वेळी वापरायचं एकावर. जुनं मशीन अचानक मेलं तरी अकाउंटमधून त्याला साइन आउट करता येतं. मायक्रोसॉफ्ट ३६५, म्हणजे वर्ड-एक्सेल असलेल्या ऑफिस सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन, माणसाला बांधलेलं असतं आणि एक माणूस एका वेळी पाच डिव्हाइसवर साइन इन राहू शकतो, त्यामुळे तिथे मशीन बदलण्याचा त्रासच नाही. एकदाच पैसे भरून घेतलेलं ऑफिस मात्र वेगळं. ऑफिस २०१३ आलं तेव्हा ते पहिल्या मशीनला कायमचं जखडलेलं होतं. लोकांनी ओरड केली, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये मायक्रोसॉफ्टला अट बदलावी लागली: दुसऱ्या मशीनवर नेता येईल, पण ९० दिवसांतून एकदाच, हार्डवेअर बिघडलं असेल तर त्याआधीही. नव्या मशीनबरोबर आलेलं ऑफिस, ओईएम विंडोजसारखंच, त्या मशीनचंच राहतं.

पुसण्याआधीचं शेवटचं पाहणं

बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का पाहा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का, हे दुसऱ्या डिव्हाइसवरून उघडून खात्री करा आणि कागदावर उतरवा. जुनी डिस्क नव्या मशीनला लावून डेटा काढायचा बेत असेल तर या कीवाचून ती डिस्क उघडणार नाही. लायसन्सशी याचा संबंध नाही, पण ऐन वेळी रडवणारी गोष्ट हीच असते.

नवं मशीन विंडोज ११ चालवू शकतं का, हेही आधीच पाहा. टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट आणि मान्य यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलमध्ये साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. ज्या जुन्या मशीनवर ११ चालणार नाही, त्याच्यासाठी रिटेल लायसन्स अडकवून ठेवू नका.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर कीचा प्रश्न नाही. मॅकओएस हवं तितक्या वेळा पुन्हा टाका, पण लायसन्स फक्त ॲपलच्या मशीनपुरतं आहे. साध्या पीसीवर ते टाकणं अटींबाहेर जातं. मॅक दुसऱ्याला देताना "फाइंड माय" (हरवलेलं मशीन शोधायची सोय) बंद करून ॲपल अकाउंटमधून साइन आउट व्हा. टी२ चिप किंवा ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर असलेल्या मॅकवर हे राहून गेलं तर घेणाऱ्याला मशीन वापरताच येत नाही, तुमचा पासवर्ड लागतो.

लिनक्समध्ये डेबियन, फेडोरा, उबुंटू यांच्यापैकी काहीही कितीही मशीनवर टाका, एकाच पेनड्राइव्हवरून शंभर मशीनवर टाकलं तरी ते कायदेशीरच आहे. मोजणी येते ती सपोर्ट आणि अपडेटच्या सेवांवर: उबुंटू प्रो व्यक्तिगत वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट आहे, आणि रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स २०२१ पासून एकट्या डेव्हलपरला १६ सिस्टमपर्यंत. जुन्या, ओईएम लायसन्स हरवलेल्या किंवा विंडोज ११ ला न चालणाऱ्या मशीनसाठी मी आता पहिला सल्ला लिनक्सचाच देते, आणि तो मनापासून देते. ब्राउझर, ईमेल, कागदपत्रं एवढंच काम असणाऱ्याला दुसऱ्या आठवड्यापासून फरक जाणवत नाही.

जुनं मशीन देऊन टाकताना

त्यावर ओईएम विंडोज असेल तर ते नव्या मालकाचं होतं. स्टिकर खरवडू नका, त्याला त्याचा उपयोग आहे. "रिसेट धिस पीसी" मधून "सगळं काढून टाका" आणि पुढे ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा. रिटेल लायसन्स तुम्ही नव्यावर नेलं असेल, तर जुन्यावर विंडोज ॲक्टिव्हेट न केलेलंच राहील, आणि हे घेणाऱ्याला व्यवहाराआधी सांगा म्हणजे तो त्याप्रमाणे किंमत ठरवेल. शेवटी अकाउंटमधल्या डिव्हाइसच्या यादीतून जुन्या मशीनचं नाव काढा, पण नव्याचं ॲक्टिव्हेशन झालेलं डोळ्यांनी पाहिल्यावरच, कारण ट्रबलशूटच्या यादीत तेच नाव निवडावं लागतं.